केंदाळ काढण्याआधी नाला मोजा: पेठेतल्या तलावासाठी कामाची पद्धत

कोल्हापुरात वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं आणि कपिलतीर्थाची मंडई. रंकाळा, कोटितीर्थ, राजाराम, कळंबा असे जे तलाव उरलेत, त्यांच्यासाठी तालमी आणि मंडळं रविवारी दाताळी घेऊन उतरतात. माणसांची कमी पडत नाही. तरीही दर वर्षी तेच केंदाळ, म्हणजे जलपर्णी, त्याच कोपऱ्यात उगवत असेल, तर काम चुकीच्या टोकाकडून सुरू झालंय असं समजा. केंदाळ सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर पोसतं. खुराक चालू ठेवून नुसती कापणी केली, तर तुम्ही फुकटात केंदाळाची शेती करताय.

म्हणून पहिले दोन रविवार पाण्यात उतरू नका. नाल्यावर जा.

नाला कसा मोजायचा

हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करायचं. तेव्हा पावसाचं पाणी नसतं, म्हणजे नाल्यातून जे वाहतं ते माणसांनी सोडलेलंच. तलावाच्या काठानं पूर्ण फेरी मारा आणि आत येणारं प्रत्येक तोंड नकाशावर टिपा. पाइप, गटार, भिंतीतली भोकं, काहीही सोडू नका. मग प्रत्येक तोंडाचा प्रवाह काढा.

पाइपातून धार पडत असेल तर १० लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते बघा. उघडा नाला असेल तर ५ मीटर सरळ तुकडा निवडून दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारा. संत्र्याची साल वरच्या रेघेच्या थोडी अलीकडे सोडा आणि रेघ ते रेघ वेळ घ्या. तीनदा करून सरासरी काढा. पाण्याची रुंदी आणि खोली तीन ठिकाणी मोजा. तळाशी पाणी सावकाश वाहतं, त्यामुळं वरच्या वेगाला ०.८ नं गुणायचं.

एक हिशेब करून बघू. पाण्याची रुंदी ६० सेंटिमीटर, खोली १० सेंटिमीटर आणि साल ५ मीटर जायला २० सेकंद. वेग सेकंदाला ०.२५ मीटर, दुरुस्तीनंतर ०.२ मीटर. छेद ०.०६ चौरस मीटर. म्हणजे सेकंदाला १२ लिटर. दिवसभर असंच वाहिलं तर साधारण १० लाख लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे माणशी १०८ लिटर. भागाकार केला तर गुडघाभरसुद्धा नसलेला हा नाला साडेनऊ हजार माणसांचं सांडपाणी आणतोय.

पण एकाच मोजणीवर विसंबू नका. सकाळी ७ ते ९, दुपारी २ आणि पहाटे ३ अशा वेळा घ्या. पहाटे तीनचा आकडा सगळ्यात बोलका असतो. सकाळी लोट आणि पहाटे जवळजवळ कोरडं असेल, तर ती घरांची गटारं. पहाटेही तेवढंच वाहत असेल आणि पाणी स्वच्छ असेल, तर कुठंतरी नळाची मुख्य लाइन गळतेय किंवा झरा आहे. ते पाणी अडवू नका, तलावाला ते हवंच आहे. पहाटेही काळं आणि उग्र वासाचं असेल, तर रात्रपाळीचा धंदा शोधा.

घरांची गटारं असतील तर नाल्यानं वर चालत जा आणि चेंबर उघडवून घेत मागं सरका. झाकण फक्त महापालिकेच्या माणसानं उघडायचं, आणि चेंबरमध्ये डोकंही घालायचं नाही. आतल्या वायूनं माणूस दोन मिनिटांत जातो. नेमकी कुठल्या इमारतीची लाइन पावसाळी गटाराला जोडलीय हे कळत नसेल, तर मालकाला विचारून संडासात युरानिन हा हिरवा चमकणारा रंग चिमूटभर टाका आणि खाली माणूस उभा करा.

हा सगळा कागद घेऊन ड्रेनेज विभागाच्या अभियंत्याकडं जायचं. ‘तलावात घाण येते’ या अर्जाला पोच मिळते. ‘अमुक तोंडातून सकाळी सेकंदाला १२ लिटर, अमुक चेंबरपासून खाली’ या अर्जावर माणूस उठून जागा बघायला येतो. मागणीही नेमकी हवी: उन्हाळी प्रवाह अडवणारा छोटा बंधारा घालून ते पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये वळवायचं, पावसात जादा पाणी बंधाऱ्यावरून तलावात जाऊ द्यायचं. बंधाऱ्याची उंची चुकली तर पहिल्या पावसात ड्रेनेज तुंबतं आणि कोणीतरी रात्री तो फोडून ठेवतो. तेव्हा उंची अभियंत्यानंच ठरवावी.

इथं कोणीतरी तरंगत्या बागांची कल्पना मांडतोच. कर्दळ, वाळा, पाणकणीस लावलेले तराफे छान दिसतात आणि थोडं काम करतातही. पण वनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करायला माणशी साधारण २ चौरस मीटर जागा लागते. वरच्या नाल्यासाठी ती पावणेपाच एकर होते. दहा तराफे म्हणजे फोटोपुरतं काम. नाला वळवल्यावर उरल्यासुरल्यासाठी ते ठीक.

केंदाळाचं गणित

बांबूची १ मीटर बाय १ मीटर चौकट करा, दाट केंदाळावर टाका, आतलं सगळं मुळासकट काढा, पाणी निथळू द्या आणि वजन करा. दाट गालिचा असेल तर २५ किलोच्या आसपास भरतं. म्हणजे गुंठ्याला अडीच टन, एकराला १०० टन. यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त नुसतं पाणी असतं, पण वाहायला तेही लागतंच.

नवख्या माणसाकडून तासाला १०० किलो धरा आणि पहिल्या रविवारनंतर तुमचा स्वतःचा आकडा बसवा. ६० माणसं, दोन तास: १२ टन, म्हणजे जेमतेम पाच गुंठे. उलट बाजूला, उबदार आणि सांडपाण्याच्या पाण्यात मोकळी जागा मिळाली की केंदाळ दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतं. एकरभर केंदाळ असलेल्या तलावात तुम्ही दोन रविवारी दहा गुंठे काढता आणि ते चाळीस गुंठे वाढतं. माणसं थकतात ती इथंच, आणि दोष मात्र ‘लोकांना चिकाटी नाही’ यावर जातो.

यातून तीन गोष्टी ठरतात. काम थंडीत करायचं, डिसेंबर ते फेब्रुवारी, कारण तेव्हा वाढ मंदावते. मोठा गालिचा यंत्रानं काढायचा. पोकलेनसाठी महापालिकेकडं आधीच अर्ज द्यायचा. आणि साफ केलेली जागा दोरखंडानं वेगळी करायची. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात.

यंत्र नव्वद टक्के काढून निघून जातं आणि पेपरात बातमी येते. उरलेल्या दहा टक्क्यांचे दोन आठवड्यांत वीस, चार आठवड्यांत चाळीस, सहा आठवड्यांत ऐंशी होतात. स्वयंसेवकांची खरी गरज त्या दहा टक्क्यांसाठी आहे.

आडवण आणि ओढणी

साफ केलेली जागा वेगळी ठेवणारी तरंगती माळ म्हणजे आडवण. तिच्यासाठी ११० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप घ्या, दोन्ही टोकांना टोप्या सोल्युशन लावून बसवा आणि रात्रभर वाळू द्या. घाई केली की पाइपात पाणी शिरून तो बुडतो. पाइप १२ मिलिमीटरच्या नायलॉन दोरीत ओवा, खाली फूटभर शेडनेट लोंबू द्या आणि नेटच्या खालच्या कडेला दगड बांधा. नेट नसेल तर केंदाळाची मुळं पाइपाखालून सरकून पलीकडं जातात. दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून ही माळ ताणा आणि एका वेळी तलावाचा एकच तुकडा बंद करा.

वारा ज्या काठाकडं केंदाळ ढकलतो तिथंच ओढणी करा, निम्मं काम वारा करतो. दुसरी एक माळ गालिच्यामागून घाला, दोन्ही टोकांना आठ-आठ माणसं उभी करा आणि सावकाश काठाकडं आवळा. काठावरची मंडळी दाताळ्यानं ओढतात, मागची घमेल्यात भरतात. विळ्या-कोयत्यानं पाण्यात तुकडे करू नका. रोपं एकमेकांना आडव्या धावत्या खोडांनी जोडलेली असतात, आणि तुटलेल्या तुकड्याला डोळा राहिला की नवं रोप तयार. मुळासकट उचला.

काढलेलं केंदाळ काठावर रात्रभर ठेवायचं नाही. थोडं वाऱ्यानं परत आत जातं, उरलेलं सडून त्याचा रस तलावातच उतरतो. ट्रॉलीत फुगलेलं केंदाळ टनभरच मावतं, त्यामुळं गुंठ्याला दोन-तीन खेपा धरा. आणि ट्रॉल्यांचं आधी बघा: थंडी म्हणजे गळीत हंगाम, सगळ्या ट्रॉल्या उसाला लागलेल्या असतात. कारखान्याला जाणारा गाडीवाला रविवारी सकाळी रिकामा मिळेल हे गृहीत धरू नका.

काठावरचा लव्हाळा आणि पाणकणीस सरसकट उपटू नका. टिबुकली, वारकरी, पाणकोंबडी हे पाणपक्षी पावसाळ्यात तिथं घरटी करतात. म्हणून जून ते ऑक्टोबर काठाच्या झुडपात हात घालायचा नाही.

ढीग

जागा तलावापासून किमान ५० फूट लांब आणि पावसाळी पाण्याच्या रेषेच्या वर. केंदाळ चार दिवस पसरून कोमेजू द्या, फुलोरा वेगळा काढून जाळा. मग चार पाट्या केंदाळ, एक पाटी पाचट, वर शेणकाला, असे थर लावत चार फूट उंच आणि पाच फूट रुंद ढीग करा. पाचट कोल्हापुरात या दिवसांत मागाल तितकं मिळतं.

आठवड्यानं लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसा, दहा मिनिटांनी काढा. हातात धरवली नाही तर ढीग तापलाय. सळई कोमट आणि ढीग कोरडा असेल तर पाणी शिंपडा. कुजक्या अंड्यांचा वास येत असेल तर ढीग गच्च ओला आहे. उलथा आणि पाचट वाढवा. दर पंधरा दिवसांनी उलथलं की दोन-तीन महिन्यांत खत होतं. केंदाळ जड धातू शोषून घेतं, म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत हे खत भाजीपाल्याला देऊ नका. दुभाजकातल्या झाडांना चालेल.

गाळ काढायचा झाला तर एप्रिल-मेमध्ये, आणि काळ्या मऊ गाळाखाली चिकट पांढरट-पिवळी माती लागली की थांबायचं. ती माती पाणी धरते. यंत्रवाला ब्रासवर पैसे घेतो, त्याला थांबायचं कारण नसतं. त्यामुळं दिवसभर एक जाणता माणूस खड्ड्यापाशी हवा.

पाणी हिरवं झालं तर

केंदाळ गेल्यावर वर्षभरात पाणी हिरवं पडणं नेहमीचं आहे. आधी केंदाळ खात होतं ते स्फुरद आता शेवाळाला मिळतं. काचेच्या बरणीत पाणी भरून ती रात्रभर न हलवता ठेवा. हिरवा साका तळाशी बसला तर साधं शेवाळ. साय येऊन वर तरंगला आणि काठावर हिरवा रंग सांडल्यासारखं दिसत असेल, तर नीलहरित शेवाळ. त्याचं विष यकृतावर जातं. त्या दिवशी कोणीही पाण्यात उतरायचं नाही, जनावरं पाजायची नाहीत, कुत्रीही आवरायची. मोरचूद टाकू नका: पेशी फुटून विष एकदम पाण्यात येतं, आणि सडताना प्राणवायू संपून मासे मरतात. बाटलीतले ‘जादूचे जिवाणू’ विकणारेही येतील. नाला चालू असताना त्यांचा उपयोग नाही.

दर पंधरा दिवसांनी तीन नोंदी पुरेत. २० सेंटिमीटरची पत्र्याची चकती चार भागांत काळी-पांढरी रंगवून दोरीनं पाण्यात सोडा. दिसेनाशी होते ती आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती, अशा दोन्ही वेळच्या खोलीची सरासरी घ्या. ही पाण्याच्या पारदर्शकतेची नोंद. विरघळलेला प्राणवायू पहाटे मोजा, दुपारी नाही. दुपारी शेवाळ भरपूर प्राणवायू सोडतं आणि आकडा फसवतो. पहाटे लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर माशांना धोका. तिसरी नोंद सामूची (पीएच), ६.५ ते ८.५ च्या बाहेर जायला नको.

उतरणाऱ्यांसाठी

आधी बांबूनं खोली तपासा. कंबरेच्या वर पाणी असेल तिथं फक्त लाइफ जॅकेट घातलेली पोहणारी माणसं. गुळाची काहील पुरात नावेसारखी वापरली जाते, पण केंदाळात ती कलंडते. गमबूट आणि रबरी हातमोजे सक्तीचे, तळाशी काचा असतात. दाताळ्यानं केंदाळ आधी बडवा. दिवड बिनविषारी असला तरी चावतो, आणि घोणस काठावरच्या ढिगात येते. साप चावला तर कापणं-बांधणं न करता १०८ ची रुग्णवाहिका किंवा थेट सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय). दोन आठवड्यांत ताप आला तर ‘तलावात उतरलो होतो’ हे डॉक्टरांना सांगायचं, नाहीतर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) विचार उशिरा होतो. सोळाच्या आतली मुलं काठावर, निर्माल्य आणि प्लास्टिक वेगळं करायला.

पहिला पावसाळा

केंदाळाचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. उन्हाळ्यात पाणी हटून उघडी पडलेली कड जूनमध्ये भिजली की तिथं बोटभर रोपं दिसतात. गोलसर पानं, अजून देठ फुगलेले नसतात, त्यामुळं नवख्याला ओळखू येत नाहीत. दोन माणसं, एक पाटी आणि दर पंधरा दिवसांनी काठाची एक फेरी एवढंच लागतं. ही फेरी कोणाकडं ते फेब्रुवारीतच वहीत लिहून ठेवा, कारण जूनमध्ये विचारलं तर सगळे पावसाचं कारण सांगतात.