भुयाराच्या टाइल्स रंगवताना या चुका टाळा

लहानपणी चाळीच्या अंगणात दिवाळीचा किल्ला केला असेल, तर टेरेन, म्हणजे टेबलावरच्या खेळासाठी मांडलेला छोटा भूभाग, म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. विटा, गोणपाट, चिखलाचा लेप, अळीव पेरून आणलेली हिरवळ आणि वर मावळे. पण तो किल्ला एका जागी उभा राहतो आणि दिवाळी सरली की मोडतो. डन्जनच्या, म्हणजे खेळातल्या भुयाराच्या, फोम किंवा प्लास्टरच्या सुट्या टाइल्स दर खेळाला वेगळ्या मांडायच्या असतात. आज जी राजाच्या दालनाची फरशी, ती पुढच्या शनिवारी गटाराचा कोपरा. रंगवताना मी हेच विसरलो, आणि ज्यांना ज्यांना शिकवलं तेही विसरले.

माझी पहिली चूक अशी. आठ टाइल्स दिवाळीच्या सुट्टीत रंगवल्या, पुढच्या बारा मे महिन्यात. राखाडी दोन्ही वेळा अंदाजाने मिसळला. सगळ्या एकत्र मांडल्यावर सोसायटीने पॅसेजमधल्या फुटक्या लाद्या बदलल्यासारखं दिसायला लागलं. आता मी मूळ रंग एकदाच, मोठ्या बरणीत करतो आणि काळा-पांढरा-तपकिरी किती चमचे ते बरणीवर लिहून ठेवतो. फोमच्या एका तुकड्यावर तो रंग लावून नमुना म्हणूनही जपतो, कारण अ‍ॅक्रिलिक वाळलं की ओल्यापेक्षा गडद दिसतं आणि बरणीत बघून काही कळत नाही. एक टाइल पूर्ण करून मग दुसरी घेण्यापेक्षा सगळ्यांना आधी मूळ रंग, मग सगळ्यांना वॉश (फटींत उतरणारा पातळ रंग), मग सगळ्यांना ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग) असं जावं. चूक होऊन गेली असेल तर जुन्या-नव्या सगळ्या टाइल्सवर एकच पातळ तपकिरी वॉश फिरवा. फरक पूर्ण जात नाही, पण डोळ्यांत खुपायचा थांबतो.

आणि राखाडीत तपकिरी घालाच. नुसता काळा-पांढरा मिसळला की सिमेंटचा कोबा होतो. पावसाळ्यात शीवच्या किंवा शिवडीच्या किल्ल्यावर जाऊन भिंती नीट बघा. पाणी ओघळतं तिथे काळपट, सांध्यांत शेवाळी, आणि मध्येच मातकट.

शेवाळ्यावरून आठवलं. एका बाजूने उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली, ही चित्रातली सवय इथे नडते. टाइल फिरवली की सावलीही फिरते, आणि चार टाइल्सवर चार सूर्य उगवतात. त्यामुळे फटींत गडद, उंचवट्यांवर फिकट, एवढंच ठेवा. शेवाळं, रक्ताचे डाग, ओल हे सगळं टाइलच्या आतल्या भागात विरून जाऊ द्या. कडेपर्यंत नेलेला हिरवा पट्टा शेजारच्या टाइलपाशी सुरीने कापल्यासारखा थांबतो.

कडांचं गणित कुणी करत नाही. प्रायमर, रंग आणि वार्निश मिळून एका कडेवर पाव मिलिमीटर थर बसला, तर प्रत्येक टाइल अर्धा मिलिमीटर रुंद झाली. बारा टाइल्सच्या बोळात 6 मिलिमीटर वाढले, आणि सोंगट्या ज्या एक इंचाच्या चौकोनांतून चालतात, त्यात ही पाव चौकोनाची चूक आहे. मग शेवटचं दार बसत नाही आणि आपण दाराला दोष देतो. कडांना मास्किंग टेप लावा किंवा तिथे अगदी पातळ एकच हात द्या. जाड झालंच असेल तर बारीक पॉलिश पेपर सपाट फळीवर ठेवून कड त्यावर घासा. टाइल्स एकमेकींना धराव्यात म्हणून बसवलेल्या लोहचुंबकांच्या खाचांत रंग साचू देऊ नका, नाहीतर दोन चुंबक एकमेकांना नुसते लांबून नमस्कार करतात.

आता मुंबईचा विषय, म्हणजे दमट हवेचा. जुलैत गच्चीवर जाऊन मॅट वार्निशचा स्प्रे मारला, तर काळ्या दगडावर पांढरट धुकं चढतं. हवेतला ओलावा त्या थरात अडकतो. मी वीस टाइल्स अशा घालवल्या असं वाटलं होतं, पण ब्रशने ग्लॉस वार्निशचा एक हात दिल्यावर बरंचसं धुकं उतरलं. मग कोरड्या दिवशी वर पुन्हा मॅट. पावसाळ्यात सरळ ब्रशने लावायचं पाण्याचं वार्निश वापरा आणि पंख्याखाली वाळवा.

स्प्रेची आणखी एक गोष्ट. फोम किंवा थर्माकोलवर थेट कॅन मारलात तर त्यातलं सॉल्व्हंट फोम खातं आणि कोरीव विटांची चाळण होते. आधी फेविकॉल आणि काळं अ‍ॅक्रिलिक मिसळून दोन हात द्या, कडेकोपऱ्यांसकट. राहिलेलं टाचणीएवढं भोकही स्प्रे शोधून काढतो. ही चूक दुरुस्त होत नाही. त्या तुकड्याला पडकी भिंत म्हणायचं.

फुकट मिळते म्हणून जुहूची वाळू आणणाऱ्यांनो, तिच्यात मीठ असतं आणि मीठ ओल ओढतं. रंगातून पांढरे चट्टे वर येतात, शिवाय फेविकॉल मऊ पडतो. वाळू तीन-चार पाण्यांनी धुऊन कढईत भाजून घ्या (स्वयंपाकाच्या कढईत नको, हे घरच्यांनी मला एकदाच सांगितलं). प्लास्टर ऑफ पॅरिसच्या टाइल्स ओल्या असताना रंगवल्या तर रंगाला फोड येतात. हातात हलकी लागेपर्यंत थांबा. पावसाळ्यात आठवडाही जातो.

पुठ्ठा किंवा एमडीएफच्या तळाला फक्त वरून रंग दिला तर तो पापडासारखा वळतो. मागच्या बाजूलाही रंगाचा हात द्यायचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते.

ठेवताना टाइल्स एकावर एक रचू नका. अ‍ॅक्रिलिक वाळलं तरी उकाड्यात किंचित चिकट राहतं, आणि दोन महिन्यांनी डबा उघडला की वरच्या टाइलचा तळ खालचीचा रंग घेऊन निघतो. मध्ये बटर पेपर घालायचा. आधीच चिकटल्या असतील तर ओढू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने रंग कडक होतो आणि हलक्या हाताने टाइल्स सुटतात. पिशवी मात्र लगेच उघडू नका, नाहीतर गार टाइलवर दव धरतं. आमच्याकडे त्या बोंबलाच्या डब्याशेजारी होत्या. आई म्हणाली, "तुझ्या त्या भुयाराला माशाचा वास लागला तर मला विचारू नकोस." लागला नाही. पिशवीला दोन गाठी मारल्या होत्या.