पायथनमध्ये ‘म्हापसा’ सात अक्षरांचा!

आमच्या वाड्यावरच्या जत्रेची वर्गणी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत गावावार जुळवत होतो. म्हापशाची रक्कम दोन ओळींत फुटली. कारण अगदी साधं, एका नोंदीत ‘म्हापसा’पुढे स्पेस राहिली होती. अशा वेळी कडेच्या स्पेस काढणारं स्ट्रिप (strip) वापरायचं, पण निकाल पुन्हा व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या साठ्यात, ठेवायचा. स्ट्रिंग, म्हणजे पायथनमधला मजकूर, जागेवर बदलत नाही, नवी तयार होते. नवशिके इथेच अडकतात. मीही अडकलो होतो.

खरी गंमत पुढे. ‘म्हापसा’ची लांबी लेनला (len, लांबी मोजणारं फंक्शन) विचारा, उत्तर ७ येतं. म, हलंत, ह, काना, प, स, काना असं सगळं सुटं मोजलं जातं. त्यामुळे पहिली दोनच अक्षरं कापलीत तर हाती ‘म्’ उरतो.

‘दुसऱ्या’ तर त्याहून खट्याळ. काही कीबोर्ड ऱ वापरतात, काही साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. दिसायला दोन्ही सारखे, लांबी मात्र ७ आणि ८, म्हणून तुलना फसते. स्ट्रिप तो जोडक काढत नाही. यादी वाचताच रिप्लेसने (replace, एका मजकुराच्या जागी दुसरा घालणारं) सगळीकडे ‘र, हलंत, जोडक’च्या जागी ‘ऱ, हलंत’ करून घ्या, मगच जुळवा.