आधी वेळेचा रोजमेळ लिहा, मग सवयींना हात घाला

रात्री पावणेबाराला मी एका पार्टीला पाच प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या, खोक्यांचा भाव पाठवला. दर लावला होता तीन प्लायचा. सकाळी साडेसातला उत्तर हजर: "डन, दोन हजार खोकी पाठवा." शब्द दिलेला, त्यामुळे ऑर्डर पुरी केली आणि तोटा पदरात घेतला. वसईच्या गाळ्यात खोकी बनवायला लागून अकरा वर्षं झाली, साधा भाव मी तोंडी काढतो. मग असं का झालं? पहाटे पाचपासून जागा होतो, संध्याकाळनंतर चार कटिंग पोटात गेले होते आणि भाव टाइप करताना कानाला टेम्पोवाला होता.

नोकरीत उशीर झाला, लक्ष उडालं तर साहेब विचारतो. आपल्याला कोण विचारणार? आपल्या सवयी कशा आहेत ते थेट बिलावर उमटतं. म्हणून मी जे केलं ते क्रमाने सांगतो.

१. तीन दिवस वेळेचा रोजमेळ ठेवा

पैशाचा रोजमेळ लिहितो तसाच, एखाद्या जुन्या डायरीत. दर तासाला एक ओळ: काय करत होतो, मध्ये कोण आलं. या तीन दिवसांत काही सुधारायला जाऊ नका, नाहीतर हिशोब खोटा निघतो. सोमवार ते बुधवार घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग किंवा स्क्रीन टाइम उघडलं की फोन दिवसात किती वेळा हातात घेतला ते कळतं, तो आकडाही रोज लिहा. माझा १४० निघाला. बायकोला दाखवला तर म्हणाली, "एवढाच?"

२. डोक्याचं काम आणि धावपळीचं काम वेगळं करा

रोजमेळ समोर घ्या आणि ज्या कामात चूक झाली तर पैसे जातात त्यावर खूण करा. माझ्याकडे अशी चारच निघाली: भाव काढणं, कागदाची खरेदी ठरवणं, जीएसटीची जुळणी आणि कोणाची उधारी किती थकली ते पाहणं. बाकी सगळं फोनवर, उभ्या उभ्या होतं.

या चार कामांसाठी रोज एकच सलग वेळ ठेवा, एक ते दीड तास. माझा साडेसात ते नऊ, कारण नऊनंतर कामगार येतात आणि मशीन सुरू झालं की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तुमचं दुकान असेल तर दुपारी दोन ते साडेतीन बघा, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं.

सलग वेळेचा हट्ट का, तर एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला की पहिल्याचा थोडा भाग डोक्यात रेंगाळत राहतो आणि दुसरं काम त्याच्यामुळे कच्चं होतं. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली प्रयोगांतून हे दाखवलं. म्हणजे "दोन मिनिटांचा फोन" दोन मिनिटांत संपत नाही.

महिन्याला जीएसटी रिटर्न भरत असाल तर ११ आणि २० या तारखा आधीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल करा आणि जुळणी ८ आणि १७ तारखेच्या सकाळी उरका. शेवटच्या दिवशी पोर्टल हळू चालतं आणि आपण भराभर, हे जोडपं वाईट.

३. व्हॉट्सॲपला पाटी लावा

फोन बंद ठेवा हा सल्ला मला पटत नाही. मुंबईत मालाची गाडी कुठेही अडकते, फोन बंद ठेवून धंदा होत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठराविक वेळेत आपोआप जाणारा संदेश लावता येतो. माझा असा आहे: "नमस्कार, नऊनंतर उत्तर देतो. गाडी अडकली असेल तर सरळ फोन करा." खरी अडचण असलेला माणूस फोन करतो आणि बाकीचे नऊपर्यंत थांबतात. पत्ता, बँक खातं, मापं कशी पाठवायची, ही रोजची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये साठवा. सोसायटीचा, शाळेचा आणि "सुप्रभात"चा ग्रुप म्यूट करा, कोणाला कळतही नाही.

पहिल्या आठवड्यात जुन्या एक-दोन पार्ट्या कुरकुरतील. त्यांना आधीच फोन करून सांगितलं तर ती कुरकुरही निम्मी होते.

४. शेवटचा चहा चारला

हे सगळ्यात जड गेलं. गाळ्यात कोणीही आलं की चहा येतो आणि नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. पण साधारण पाच तासांनीही निम्मं कॅफिन अंगात शिल्लक असतं. सातचा चहा बाराला तुमच्यासोबत जागा असतो. उपाय साधा: पाहुण्याला चहा, आपल्याला अर्धा ग्लास ताक किंवा कोकम. हातात ग्लास असला की आग्रह होत नाही. दुपारचा डबाही दोनच्या आत खा. साडेतीनला उपाशीपोटी दोन वडापाव खाल्ले की पुढचा तास झोपेत जातो, हे वेगळं सांगायला नको.

५. साडेनऊनंतर भाव नाही

रात्री आकडे पाठवायचे नाहीत. भाव मागितला तर "सकाळी पाठवतो" एवढंच. काढून ठेवावासा वाटला तर ड्राफ्टमध्ये ठेवा, सकाळी वाचून पाठवा. मला त्यात महिन्यातून एकदा तरी चूक सापडते. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते, तेव्हा उठायच्या वेळेतून सात वजा करा आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. गजराला साधं घड्याळ घ्या.

प्रवासाचं काय, असं लोक विचारतात. मी गोरेगावहून सकाळी लोकलने विरारच्या दिशेने जातो, उलटी गर्दी, बसायला मिळतं, दिवसाची यादी तिथे होते. तुम्ही त्याच वेळी विरारहून चर्चगेट फास्टमध्ये लटकत असाल तर काहीही करू नका. नीट उतरलात, एवढं पुष्कळ.

६. चुकलेला दिवस मोजू नका, महिना मोजा

२१ दिवसांत सवय लागते असं कोणीतरी सांगतंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना पाहिलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा त्यांचा हिशोब होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यांनी नोंदवलं. त्यामुळे पाचही सवयी एकदम धरू नका. आधी रात्रीचे भाव बंद करा, ते जमलं की सकाळचा दीड तास, चहा शेवटी.

दोन महिन्यांनी परत तीन दिवस रोजमेळ लिहा, सोमवार ते बुधवारच. माझा फोनचा आकडा आता ८५च्या आसपास असतो. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात, मिठाईच्या खोक्यांच्या ऑर्डरी सुरू झाल्या की तो परत १४०ला टेकतो. तेवढे पंधरा दिवस मी रोजमेळ उघडतच नाही.