महिनाभर लाइट नसेल तेव्हा: तयारीतल्या या चुका टाळा

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्याने नारळी-पोफळीच्या बागा तारांवर कोसळल्या, पोल मुळापासून उपटले गेले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतली कितीतरी गावं काही आठवडे अंधारात होती. दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत लाइट यायला महिना होत आला होता. इन्व्हर्टर होता, बॅटऱ्या होत्या, मेणबत्त्या होत्या, आणि तरी चौथ्या दिवशी आम्ही हतबल झालो. अंधाराचं काही वाटलं नाही. पाण्याने रडवलं.

सगळ्या चुकांचं मूळ एकच. आपण तयारी करतो ती भारनियमनाची. सहा तास लाइट जाणार आणि सहा तासांनी येणार हे गृहीत धरून साठा करतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतातली ग्रीड कोसळली, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचीही गेली, तेव्हासुद्धा बहुतेक ठिकाणी दिवसभरात वीज परतली, कारण तारा जागेवर होत्या. तारा आणि पोलच आडवे झाले की गोष्ट वेगळी असते. २०१७ च्या मारिया वादळानंतर प्वेर्तो रिको बेटावर शेवटच्या घरांपर्यंत वीज पोचायला ११ महिन्यांच्या आसपास गेले. म्हणून घरातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारा: ही संपली की लाइटशिवाय पुन्हा कशी भरायची?

रहाट काढून टाकणं

विहिरीवर पंप बसला आणि रहाट, पोहरा, सुंभ सगळं अडगळीत गेलं. आमचंही तसंच झालं होतं. नळपाणी योजनेचा पंपही लाइटवरच चालतो, त्यामुळे गावची टाकी रिकामी झाली की नळ कोरडे. बोअरवेलवाल्यांचे तर हाल विचारू नका, त्या पाइपात पोहरा जातच नाही. विहिरीवर रहाट आज परत बसवा आणि वर्षातून दोनदा दोराला भार देऊन बघा. बोअर असेल तर वाडीत निदान एक हातपंप चालू स्थितीत ठेवण्यासाठी ग्रामपंचायतीच्या मागे लागा.

हिशेब सोपा आहे. पिणं, रांधणं, जुजबी धुणंभांडं धरून माणशी दिवसाला १५ लिटर लागतात. चौघांना ६० लिटर. ५०० लिटरची टाकी जेमतेम आठ दिवस पुरते. पण वादळ मे-जूनमध्ये आलं तर पाठोपाठ पाऊस येतोच. ५० चौरस मीटरच्या छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी पागोळ्यांतून वाहून जातं. पन्हळ लावून पिंप खाली ठेवा. पहिल्या दोन सरींचं पाणी सोडून द्या, पुढचं वापरायला घ्या. पिण्याचं पाणी उकळूनच घ्या, किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारं मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. आरओच्या भरवशावर राहू नका, तोही लाइटवरच चालतो.

छपरावर सोलर आहे म्हणजे लाइट आहे असं समजणं

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून बसवलेली बहुतेक यंत्रणा ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेली, असते. बाहेरची लाइन मेली की तिचा इन्व्हर्टर मुद्दामच बंद पडतो. तसं झालं नाही तर तुमच्या छपरावरची वीज तारेत जाईल आणि पोलवर चढलेला वायरमन मरेल. ऊन रखरखीत असतं, पॅनल जागेवर असतात, आणि घरात अंधार. बसवणाऱ्याला स्पष्ट विचारा: लाइन नसताना यातून काय चालेल? बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर असेल तरच काही चालेल. आणि जूनच्या ढगाळ दिवसांत पॅनल उन्हाळ्यासारखी वीज देणार नाहीत हेही धरून चाला.

बॅटरीचाही हिशेब करून ठेवा. १५० एएच, १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-अवर असतात. ती निम्म्याखाली उतरवायची नाही, उतरवून तशीच पडू दिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि बॅटरी कायमची जाते. इन्व्हर्टरचा तोटा वजा करता हातात साधारण ७५० उरतात. ७५ वॅटचे दोन जुने पंखे आणि ९ वॅटचे चार दिवे लावले तर चार तासांत खेळ खलास. ३० वॅटचा, कमी वीज खाणारा एक बीएलडीसी पंखा आणि दोनच दिवे, तेही रात्रीचे पाच तास, असं ठेवलं तर तीच बॅटरी तीन रात्री काढते. डिस्टिल्ड पाण्याची पातळी एप्रिलमध्येच तपासा.

जनरेटर पडवीत लावणं

ही चूक जीव घेते. पावसात भिजू नये म्हणून लोक जनरेटर पडवीत किंवा जिन्याखाली ठेवतात. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये वीज गेली तेव्हा थंडीत लोक याच विषाने मेले. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून लांब ठेवा, वर वेगळा आडोसा करा, पण चारी बाजू मोकळ्या हव्यात.

दुसरी तितकीच घातक गोष्ट म्हणजे जनरेटरची वायर सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खुपसणं. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते आणि डीपीमधून (गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून) जाताना ११,००० व्होल्टपर्यंत चढू शकते. लाइन मेलेली समजून काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर ती जाते. निसर्गनंतर बाहेरच्या जिल्ह्यांतून, अगदी परराज्यांतून आलेली माणसं आमच्या भागात चिखलात उभी राहून पोल उभे करत होती. त्यांच्यासाठी चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर, दोन्हींपैकी एकच जोडलं जातं. तो इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या.

प्रत्येक घराला जनरेटर घ्यायची गरजही नाही. वाडीत मिळून एक घ्यावा, दिवसाला दोन-तीन तास चालवून टाकी आणि फोन भरून घ्यावेत. पेट्रोल घरात साठवू नका. पंपालाही लाइट लागते, तेव्हा वादळाचा इशारा आला की गाडी आणि जनरेटरची टाकी आदल्या दिवशीच भरा.

आगोट विसरणं

आमची आजी मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी करायची: तांदूळ, कुळीथ, कडवे वाल, सुकट, बोंबील, आमसुलं, मीठ, सुकी लाकडं. पावसाळ्यात चार महिने वाट बंद झाली तरी घर चालायचं. आज आपण फ्रीझर माशांनी भरतो आणि त्यालाच साठा म्हणतो. बंद फ्रिज चार तास थंड राहतो, भरलेला फ्रीझर न उघडता दोन दिवस. त्यानंतर सगळं टाकावं लागतं. गिरणीही लाइटवर चालते हे आम्हाला पाचव्या दिवशी कळलं. जास्त पीठ दळून ठेवलं तर पावसाळी हवेत त्याला कीड लागते. धान्य आख्खं ठेवा आणि घरात जातं असेल तर त्याला टाकी लावून, म्हणजे दगड छिन्नीने खडबडीत करून घ्या. इंडक्शनवर रांधणाऱ्यांनी एक भरलेला सिलिंडर बाजूला ठेवावा. झाडं पडून रस्ते बंद असले की गॅसची गाडी येत नाही.

घरात इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर आजच डॉक्टरांशी बोला. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकते, पण २५-३० अंशांच्या आत. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात, कोरड्या डब्यात घालून ठेवा. बर्फाला मात्र थेट चिकटू देऊ नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. ऑक्सिजनचं यंत्र लागणाऱ्या माणसाला वादळाआधीच तालुक्याच्या ठिकाणी हलवावं.

रोख पैसे सुट्ट्या नोटांत ठेवा. एटीएम आणि यूपीआय दोन्ही बंद पडतात. मोबाइलच्या टॉवरला डिझेल संपेपर्यंतच जीव असतो, तेव्हा सेलवरचा रेडिओ आणि वहीत लिहिलेले नंबर हवेत.

लाइट आली म्हणून धावणं

इतक्या दिवसांनी लाइट आली की सगळे एकदम बटणं दाबतात, आणि आमच्या वाडीत पहिल्याच संध्याकाळी तीन टीव्ही आणि एक फ्रिज जळाले. घाईत जोडलेल्या लाइनवर न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्टेज घरात येऊ शकतं. म्हणून लाइट गेल्या दिवसापासून मेन स्विच बंद ठेवा आणि सगळे प्लग काढा. आल्यावर एकच बल्ब लावा. तो डोळे दिपवण्याइतका पेटला किंवा मिणमिणला तर मेन लगेच पाडा आणि वीज तक्रारीच्या १९१२ नंबरवर कळवा. पंधरा-वीस मिनिटं उजेड स्थिर राहिला तर पंखा, मग फ्रिज. विहिरीचा पंप दुसऱ्या दिवशी, तिन्ही फेज तपासून.