गालिचा धुण्याआधी झाडायचा कसा, धुतल्यावर मऊ करायचा कसा

भदोहीचा किंवा काश्मिरी, हाताने गाठी मारलेला लोकरी गालिचा धुवायला घेतला की लोक आधी शाम्पूचा डबा उघडतात. तसं करू नका. लवेच्या, म्हणजे वर उभ्या लोकरी धाग्यांच्या, बुडाशी बसलेली बारीक रेती कोरडी असतानाच निघते. पाणी लागलं की तिचा चिखल होतो आणि तो गाठींत शिरतो. मग कितीही धुवा, वाळल्यावर गालिचा कडकच लागतो.

१. वरचा कचरा व्हॅक्यूमने ओढून घ्या. गोंड्यांवर फिरता ब्रश नेऊ नका.

२. आता खरं काम. गालिचा उलटा करून उंचावर ताणलेल्या जाळीवर टाका. फरशीवर टाकाल तर निघालेली धूळ जाणार कुठे? ती परत लवेतच जाते. पाठीवरून धूळ झाडायचं यंत्र फिरवा. त्यातल्या फिरत्या दांड्याचे पट्टे पाठीवर भराभर आपटतात आणि रेती खाली गळते. यंत्र सावकाश ढकला, गालिच्याच्या एकेका भागावरून पुन्हा पुन्हा. जोर लावू नका. गोंड्यांच्या अलीकडेच थांबा. तिथली धूळ कंप्रेसरच्या हवेने, दाब कमी ठेवून उडवा. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना गॉगल हवाच.

कठड्यावर टाकून मोगरीने धोपटायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. सगळा मार एका घडीवर बसतो आणि जुना सुती ताणा, म्हणजे गाठी धरून ठेवणारे उभे धागे, तिथेच तुटतो. पाठ हलकेच दुमडून पाहा. कटकट आवाज आला तर धागे कुजलेत. असा गालिचा यंत्राखाली घालू नका.

पाठीला कापड चिकटवलेला गालिचा असेल तर जास्तच जपा. आतलं जुनं लॅटेक्स, म्हणजे चिकटवायचा रबरी गोंद, भुगा होऊन गळतं. तो पांढरट भुगा धूळ समजून लोक झाडतच राहतात आणि गालिच्याची पाठ सुटून येते.

झाडणं पुरलं की नाही, हे घड्याळ पाहून ठरवू नका. लव फाकवून बुडाशी अंगठा आणि बोट चोळा. करकर लागली तर अजून रेती आहे. मग कोपऱ्याखाली काळा कागद ठेवून पाठीवर टकटक करा. कागद जवळजवळ स्वच्छ राहिला तरच पाणी लावा.

३. गार पाण्यात, लोकरीला चालेल अशा सौम्य साबणाने धुवा. धुण्याचा सोडा नको, त्याने लोकर खरखरीत होते. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला. फॅब्रिक सॉफ्टनरच्या वाटेला जाऊ नका; त्याचा थर राहतो आणि त्यावर मळ लवकर धरतो.

४. दोन्ही बाजूंनी पंख्याखाली खडखडीत वाळवा.

५. वाळल्यावर पाठीवरून तेच यंत्र हलक्या हाताने एकदा फिरवा. आखडलेले सुती धागे मोकळे होतात, लव सुटी होते आणि गालिचा पुन्हा लवचिक पडतो. नंतर तळहात फिरवून लवेची दिशा ओळखा. ज्या बाजूला हात गुळगुळीत सरकतो, त्याच बाजूला मऊ ब्रश ओढा.

ठेवायचा असेल तर गुंडाळून सुती कापडात बांधा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते.