गर्दी नसेल तेव्हा गाडीवर किती माणसं ठेवायची

माझी गाडी म्हणजे छोटा हत्ती, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये प्रदर्शनं, कॉलेजांची गॅदरिंग, सोसायट्यांचे गणपती असतील तिथे मी ती लावते. मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा आणि ताक, एवढंच विकते. पगारावर दोघं आहेत: तव्यावरच्या मावशी, आणि गाडी चालवून गल्ल्यावर बसणारा दादा. बाकीचे रोजावर येतात.

मोशीकडच्या एका कार्यक्रमाला रोजावर चौघांना नेलं होतं. पाच हजार लोक येतील असं आम्हाला सांगितलं होतं. दुपारी अवकाळी पाऊस झाला आणि संध्याकाळी सातपर्यंत जेमतेम १८ प्लेटी गेल्या. मी घाबरले आणि साडेसातला तिघांना घरी पाठवलं. सव्वाआठला मंडपातला कार्यक्रम सुटला आणि होते नव्हते ते सगळे लोक एकदम खायला आले. मावशी एकट्या तव्यावर, उरलेला मुलगा कढईपाशी, दादा गल्ल्यावर, मिसळीच्या प्लेटी भरायला मी एकटी. कितीतरी जण रांग सोडून गेले. पावसाने जे नेलं त्याहून जास्त माझ्या त्या साडेसातच्या घाईने नेलं.

लोक कमी असले तरी ते येतात एकदमच. म्हणून आता मी माणसं ठरवताना सगळ्यात गर्दीचा तास बघते. माझ्या तव्यावर एका वेळी चार थालीपिठं बसतात आणि एका खेपेला सात-आठ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला तीसच्या आसपास. मिसळीची प्लेट हात बसलेला माणूस मिनिटभरात भरतो. तेव्हा तव्यावर एक, प्लेटीवर एक, गल्ल्यावर एक, ही तीन माणसं लागतातच. चौथा माणूस फक्त वड्यांच्या कढईसाठी. लोक कमी दिसले की मी आधी वडे बंद करते. कढई पेटवली नाही तर तेल वाचतं, गॅस वाचतो आणि एक माणूस मोकळा होतो. तीनाचे दोन करायची वेळ आलीच तर थालीपीठही थांबवते आणि फक्त मिसळ-ताक ठेवते. पण दोघंच असलो तरी पैसे घेणारा हात पावाला लागू देत नाही.

माणसं कमी करायची ती दिवसाच्या कडांना. सगळ्यांना चारला बोलावत नाही. मावशी आणि दादा चारला, तिसरा सहाला, चौथा सातला. चौथ्याला यायचं की नाही ते दुपारी दोनपर्यंत फोन करून सांगते. फोन करण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारते: तिकिटं किती गेली, खाण्याचे स्टॉल किती, आणि मंचावरचा कार्यक्रम किती वाजता सुटणार. फुकट प्रवेश असेल तर आकड्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. मैदानावर पोचल्यावर स्वतः पार्किंगला चक्कर मारते. किती लोक आलेत ते तिथे आधी कळतं, आपल्या गाडीपुढची रांग ते उशिरा सांगते.

रोजाचं बोलणं मात्र आधीच, स्पष्ट झालं पाहिजे. माझा नियम असा: दोननंतर नको म्हटलं तर अर्धा रोज माझ्याकडून. गाडीवर पाय ठेवला की पूर्ण रोज, मग मी त्याला तासाभरात परत पाठवलं तरी. ज्याने माझ्यासाठी दुसरीकडचं काम सोडलं, त्याने रिकाम्या हाताने परत का जावं? शिवाय पुढच्या रविवारी हीच माणसं मला लागणार असतात. कुणाला लवकर सोडायचं झालं तर आधी विचारते, घरी कुणाला जायचंय? बहुतेक वेळा कुणीतरी तयार असतंच. बाईमाणूस उशिरापर्यंत थांबली आणि पीएमपीची शेवटची बस गेली, तर रिक्षाचे पैसे मी देते.

रिकाम्या वेळी हातात फोन घेऊन उभं राहिलेलं मला चालत नाही, कारण लांबून बघणाऱ्याला ती गाडी बंद वाटते. मावशींना दर पंधरा मिनिटांनी एक थालीपीठ लावायला सांगते. त्या खमंग वासाने माणूस वळतो, आणि ते थालीपीठ गाडीवरच खाल्लं जातं. दुसऱ्याला बाकीच्या स्टॉलवर पाठवते. कपडे विकणाऱ्या बाया, साऊंडवाली मुलं, वॉचमन, सगळे दुपारपासून तिथेच असतात आणि उपाशी असतात. त्यांना थोड्या कमी भावात जागेवर मिसळ नेऊन दिली की पडलेल्या दिवशीही पंधरा-वीस प्लेटी सुटतात.

तयारीही माणसांच्या बेताने करावी. भाजणी कोरडीच नेते आणि किलो-किलोनेच भिजवते, कारण कांदा-मीठ घातलं की पीठ सैल पडत जातं. फरसाण कोरडंच राहतं, त्याची काळजी नाही. पाव अर्धेच घेते आणि जवळच्या बेकरीला संध्याकाळी फोन करीन म्हणून सांगून ठेवते. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, मात्र मंद आचेवर ६० अंशांच्या वर गरम राहायला हवा, आणि त्याकडे बघायला माणूस हवा. म्हणून कटाचं मोठं पातेलं नेतच नाही. दोन लहान नेते, दुसरं बर्फाच्या पेटीत.

रात्री गाडी धुऊन झाली की निघण्याआधी रोज हातात देते, कितीही कमी धंदा झाला असला तरी. मग वहीत लिहिते: तारीख, जागा, पाऊस-पाणी, तासातासाला गेलेल्या प्लेटी, कोण किती वाजता आलं आणि गेलं. मोशीच्या त्या पानावर सव्वाआठच्या पुढे मी लाल पेनाने रेघ मारली आहे. त्याच आयोजकांचा पुन्हा फोन आला तेव्हा मी कार्यक्रम सुटायची वेळ विचारून घेतली, आणि त्या वेळेच्या अर्धा तास आधी तीन माणसं गाडीवर उभी होती.