दहावरून पंचवीसवर जाताना: लघुउद्योगाची वाढ आणि कारखान्यातील माणसे

भोसरी, सातपूर किंवा गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींतील आठ-दहा माणसांच्या जॉबवर्कच्या (ग्राहकाच्या ऑर्डरनुसार नग बनवून देणाऱ्या) कारखान्यात लेखी नियम सहसा नसतात आणि त्यांची उणीवही फारशी भासत नाही. मालक स्वतः मशीनवर उभा राहतो, कोणाच्या घरी आजारपण आहे हे त्याला ठाऊक असते, रजा तोंडी मंजूर होते आणि अडीअडचणीला उचल मिळते. ‘आपल्याकडे सगळे घरच्यासारखे आहे’ हे वाक्य अशा ठिकाणी बहुतेक वेळा खरेच असते. मात्र दोन नव्या व्हीएमसी (धातू कापून आकार देणाऱ्या संगणकीय) मशीन आल्या, दुसरी पाळी सुरू झाली आणि माणसे पंचवीस झाली की त्याच घरगुतीपणातून अन्याय सुरू होतो. कारण जुन्या माणसाला हक्काने मागता येणारी सवलत रात्रपाळीच्या नव्या मुलाला कोणाकडे मागावी हेही माहीत नसते. वाढीच्या काळात मालकाने प्रथम हेच करावे: आजवर चांगुलपणावर चाललेल्या गोष्टी नियमावर आणाव्यात.

त्याची सुरुवात ऑर्डर स्वीकारण्याच्या क्षणापासून होते. समजा, 6,000 नगांची ऑर्डर आली असून एका नगाला 4 मिनिटे लागतात. म्हणजे 400 मशीन-तास हवेत. आठ तासांच्या पाळीतून सेटिंग, टूल बदलणे, तपासणी आणि जेवणाची सुटी वजा केली तर हाती साडेसहा तास उरतात, असे धरू. दोन मशीनवर एका पाळीत रोज 13 तास मिळतात आणि काम 31 दिवस चालते. ग्राहकाने 20 दिवसांत माल मागितला असेल, तर उरलेले तास कोठून येणार हे होकार देण्यापूर्वी कागदावर आले पाहिजे. ते आले नाही, तर ते तास कामगारांच्या झोपेतून आणि साप्ताहिक सुटीतून वसूल होतात. खरेदी विभागातील मंडळींना तारीख पुढे ढकललेली आवडत नाही हे खरे, पण कबूल करूनही न आलेला माल त्यांना त्याहून कमी आवडतो.

येथे बहुतेक मालक ओव्हरटाइमकडे वळतात. आठवड्याला 48 तास ही कायद्याची मर्यादा आहे आणि त्यापुढील कामाला दुप्पट दराने मजुरी द्यावी लागते. महिना 18,000 रुपये पगार, 26 दिवस आणि रोज आठ तास धरले तर तासाचा दर सुमारे साडेशहाऐंशी रुपये होतो आणि ओव्हरटाइमचा 173 रुपये. दोन ऑपरेटरांनी महिनाभर रोज दोन तास जादा काम केले, तर प्रत्येकाचे 52 तास होतात आणि दोघांचे मिळून 18,000 रुपये द्यावे लागतात. एवढ्याच पगारात तिसरा ऑपरेटर येतो, जो 104 नव्हे तर 208 तास देतो आणि थकलेला नसतो. त्याच्या विम्याचा आणि प्रशिक्षणाचा खर्च धरूनही हिशेब त्याच्याच बाजूने झुकतो. तेव्हा ओव्हरटाइम महिन्यातील काही दिवसांपुरता ठेवावा. तो सलग दोन महिने लागला, तर माणूस कमी आहे असे समजून भरती करावी. एक अडचण मात्र आधीच ओळखावी: जादा पैशांची सवय लागलेले कामगार ओव्हरटाइम बंद होताच नाराज होतात, म्हणून मूळ पगारवाढीचा विचार त्याच वेळी करावा लागतो.

दहा हा आकडा कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. दहा कर्मचाऱ्यांपासून कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) आणि ग्रॅच्युइटीच्या तरतुदी लागू होतात, तर वीसपासून भविष्य निर्वाह निधी. लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नेमावी लागते. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी असते, निम्म्याहून कमी नसतील इतक्या सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. अनेक कारखान्यांत ही समिती भिंतीवरील फलकापुरतीच राहते. बाहेरच्या सदस्याला वर्षातून एकदा सर्वांसमोर बोलावून तक्रार कोठे आणि कशी करायची हे सांगितले, तरी बराच फरक पडतो. नोंदणी टाळण्यासाठी माणसे नऊवर किंवा एकोणिसावर थांबवण्याची क्लृप्ती सर्रास आढळते. तिची किंमत हजर असलेल्यांच्या पाठीवर पडते.

पगाराची तारीख हा कामगारांच्या विश्वासाचा सर्वांत साधा मापदंड आहे. पगार सात तारखेच्या आत झाला पाहिजे, पण ग्राहकाकडून पैसे आले नाहीत की तो पंधरावर जातो. ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 2006 च्या कायद्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क दिला आहे. आता प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय मिळत नाही. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापावा आणि शक्यतो दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. उचलीचाही नियम करावा: कमाल किती, किती हप्त्यांत फेड आणि कोणी मंजूर करायची.

सुपरवायझर निवडताना चूक झाली तर मात्र वरील सगळे वाया जाते. उत्तम सेटरलाच (मशीन कामासाठी जुळवून देणाऱ्यालाच) सुपरवायझर करण्याची पद्धत आहे. परंतु ज्याच्या हातात कौशल्य आहे त्याला माणसे सांभाळता येतातच असे नाही. रिजेक्शन, म्हणजे नापास नगांचे प्रमाण, वाढले की तो सर्वांसमोर ओरडतो, आणि पुढच्या वेळी खराब नग त्याला न दाखवता चांगल्या मालात मिसळला जातो. चुका झाकण्याची हीच सवय पॉवर प्रेसवर (दाबाने पत्र्याला आकार देणाऱ्या यंत्रावर) जिवावर बेतू शकते. तेथे दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही, म्हणजे हात डायखाली (साच्याखाली) राहू शकत नाहीत. उत्पादन वाढवण्याच्या घाईत एक बटण टेप लावून दाबून ठेवले जाते, आणि बोटे जातात. त्यामुळे टेप दिसताच पाळी थांबवण्याचा अधिकार प्रत्येक ऑपरेटरला लेखी द्यावा आणि पाळी थांबवणाऱ्याला त्या दिवशी उत्पादनाचा जाब विचारू नये.

रजांचे नियोजन जानेवारीतच करावे. गणपती, दिवाळी, गावची जत्रा, पेरणी आणि बिहारकडील कामगारांची छठपूजा यांच्या तारखा आधीच ठाऊक असतात, तरीही दरवर्षी त्या संकटासारख्या अंगावर येतात. पाळी संपल्यावर कामाच्या ग्रुपवर संदेश पाठवणे मालकानेच बंद केले, तर सुपरवायझरही बंद करतात.

वर्षातून एक आठवडा मालकाने फोन बंद ठेवून बाहेरगावी जावे. परतल्यावर कोणकोणते निर्णय आपल्यावाचून अडले त्यांची यादी मागवावी, प्रत्येकापुढे तो यापुढे कोण घेणार त्याचे नाव लिहावे आणि ती यादी टाइम ऑफिसच्या (हजेरीच्या खोलीच्या) भिंतीवर लावावी.